सुनावणीतलं ‘मंजूर’

विमानप्रवास म्हणजे श्रीमंतांचा शौक, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा आमच्या कडेगावात यावं. इथली माणसं गलाईसाठी, म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, पार केरळ-आसामपर्यंत पांगलेली. गावात कुणी वारलं की पहिला प्रश्न, ‘पोरगं कुठं असतंय?’ आणि दुसरा, ‘विमान कवा पोचतंय?’ त्या उत्तरावर माती किती वाजता करायची ते ठरतं. बापाचं तोंड शेवटचं बघायला निघालेला माणूस तिकिटाला घासाघीस करत नाही, आणि हे विमानवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. मला याचा संताप येतो. म्हणून मी, संयोगिता, वकिली सांभाळून प्रवासी मंच चालवते.

आमची माणसं जिथं उतरतात त्या विमानतळाच्या कंपनीनं नवी इमारत बांधायचं काढलं. इमारत चार वर्षांनी, पण तिचं शुल्क मात्र आत्तापासून, प्रत्येक तिकिटावर. त्याची सुनावणी कराडला लागली. प्रवाशांची हरकत तिथं नोंदली गेली नाही, तर शुल्क सरळ लागू होणार होतं. मी दोन जीपगाड्या भरून माणसं नेली. पुढच्या रांगेत माझे चुलत सासरे नाथाजीतात्या, अर्धी हयात कोइमतूरला भट्टीपुढं घालवून गावी परतलेले.

सरकारी अधिकाऱ्यांनी विषय वाचला. “विषय क्रमांक एक. नव्या इमारतीसाठी प्रवाशांकडून आगाऊ शुल्क घेण्यास संमती देणे.”

ते श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात तात्यांसकट माझी सगळी फौज हात वर करून ओरडली, “मंजूर! मंजूर!”

मला घेरी यायचीच बाकी होती. दोष तरी कुणाला देणार? ही माणसं वर्षानुवर्षं साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला बसलेली. तिथं विषय वाचून झाला की ‘मंजूर’ म्हणायचं आणि जेवणाकडं निघायचं. अहवाल उघडून बघणाऱ्याला तिथं अतिशहाणा म्हणतात.

कंपनीचे साहेब खुर्चीत सैलावले. “प्रवाशांनी एकमतानं संमती दिली, अशी नोंद घ्यावी.”

“सवयीनं गेलं गं त्वांडातनं,” तात्या माझ्याकडं बघून पुटपुटले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

मी उठले. माझा आवाज केवढा आहे, हे सासरच्यांना पहिल्या दिवशीच कळलंय.

“घ्या की नोंद,” मी म्हणाले. “पण आमच्याकडं मंजूर म्हणायचा हक्क फक्त सभासदाला असतो. कारखाना उभा राहायच्या आधी ज्यानं पैसे भरले, तो सभासद. त्याला शेअर मिळतो, मत मिळतं, हिशेब विचारता येतो. तुम्हीही इमारतीच्या आधीच पैसे मागताय. मग द्या यांना शेअर. आणि ही माणसं निव्वळ गिऱ्हाईक असतील, तर यांचं मंजूर खोडा. गिऱ्हाईक जेवणाचे पैसे देतं, खानावळ बांधायचे नाही.”

मागून शिट्टी आली. कंपनीचे साहेब सावरून बसले. “मॅडम, हा साखर कारखाना नाही.”

“तेच म्हणतेय मी. मग कारखान्याच्या सवयीनं निघालेलं मंजूर कशाला धरून बसताय?”

अधिकाऱ्यांनी हसू दाबलं आणि आधीची नोंद खोडली. मग नवी लिहिली. प्रवाशांची हरकत आहे. इमारत वापरात येईपर्यंत शुल्क नको, आणि कंपनीचा हिशेब तपासणाऱ्या समितीत प्रवाशांचा एक माणूस हवा. खरं सांगते, मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

कागद वर धरून अधिकारी सभागृहाकडं वळले. “तर मग, अशी तुमची नोंद. मंजूर?”

सगळे गप्प. कारखान्याच्या कुठल्याच सभेत असली शांतता पडली नसेल. जो तो तात्यांकडं बघत होता. तात्यांनी खिशातून चष्मा काढला, रुमालानं सावकाश पुसला, डोळ्यांवर चढवला आणि हात पुढं केला.

“आदी वाचाय द्या, सायब.”