मिरची लाइनीवरच्या स्टुलाचा सूड

मित्रांनो, मी एक जुना स्टूल आहे. साधा, लाकडी, चार पायांचा. नागपूरच्या इतवारीत नत्थू सुतारांनी मला घडवले तेव्हा माझा रंग सागाचा होता. आता तो तिखटाचा झाला आहे, कारण माझे सगळे आयुष्य मसाल्याच्या कारखान्यात गेले. ज्याला शिंका येत असतील त्याने जरा लांब बसून ऐकावे. आणि एक आधीच सांगून ठेवतो. आपली कहाणी सांगताना आम्ही वस्तूंनी गरीब गाईसारखे बोलावे, अशी लोकांची अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. एका माणसावर माझा राग आहे. त्याच्यावर सूड मी कसा उगवला, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

आमचा कारखाना कामठी रोडवर आहे. मालकांचे नाव चंपतराव. तिथे एका लांबलचक टेबलाशी बाया ओळीने उभ्या राहतात, तिखटाच्या पुड्या भरतात, गरम पट्टीवर त्यांची तोंडे चिकटवतात आणि खोक्यांत रचतात. या ओळीला सगळे मिरची लाइन म्हणतात. कन्हान-कामठीच्या बाया ऑटोत दाटीवाटीने बसून येतात आणि डोक्याला, नाकाला ओढणी गुंडाळून कामाला लागतात. एवढ्या मोठ्या लाइनीवर बसायला मी एकटा होतो.

पण म्हणून माझ्यावरून कधी भांडण झाले नाही. लाइनीची एक रीतच होती. मला कोणी मागायचे नाही. शेजारणीचा चेहरा पाहायचा आणि हातातले काम न थांबवता मला पायाने तिच्याकडे सरकवायचे. कोणाची कंबर धरली असेल, कोणाच्या पोटात दुखत असेल, कोणी आजारी लेकराजवळ जागरण करून आली असेल, मी बरोबर तिच्यापाशी पोचत असे. बसलेल्या बाईचे हात चालूच असत. जराशी टेकली की तिचे काम उलट जास्त नीट होई. लाइनीत सगळ्यांत थोरल्या रुखमाबाई मला हाताने पुसून म्हणायच्या, "हा आहे म्हणून आपण आहो वं." असे कौतुक ऐकून माझी छाती फुगायची. स्टुलाला छाती नसते म्हणता? मला आहे.

मग मंगेश साहेब आले. कडक इस्त्रीचा शर्ट, टोकदार बूट, काखेत लॅपटॉप. कामगारांची उत्पादकता मोजायची आणि वाढवायची, यासाठी चंपतरावांनी त्यांना खास बोलावून घेतले होते. काम मोजू नये असे मी म्हणत नाही. चंपतरावांनाही माल वेळेवर पाठवायचा असतो. पण या माणसाने दिवसभर हातातले घड्याळ पाहिले, बायांकडे एकदाही पाहिले नाही. शेवटी त्यांची नजर माझ्यावर पडली आणि मी त्यांच्या डोळ्यांत खुपलो.

"बसलेला माणूस म्हणजे थांबलेला माणूस," साहेब म्हणाले. "आरामाची सवय लागली आहे इथे. हा उचला."

रुखमाबाई पुढे झाल्या. "साहेब, सरिताले सहावा महिना चालू आहे. तिच्यासाठी तरी राहू द्या नं."

"एकीला दिला की सगळ्यांना द्यावा लागतो, मावशी."

त्यांनी मला बुटाने बाजूला ढकलले. मित्रांनो, पायाने तर मला बायाही सरकवायच्या. पण त्या पायात आणि या पायात फरक होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला मागच्या मोरीजवळ पाण्याच्या ड्रमखाली घातले. ड्रम गळत होता. माझे पाय ओलाव्याने फुगले, एक सांधा सैल झाला. पण कुजण्यापेक्षा मला मनातून जळण्याचाच त्रास जास्त होता. तिथून लाइन दिसत असे, आणि लाइनीवर उभी असलेली सरिता दिसत असे.

सरिता पुड्यांची तोंडे चिकटवायची. हात चपळ, पण पाय सुजून चपलेत मावेनात. साहेबांनी छताला कॅमेरे लावले. त्यातला एक मुद्दाम कूलरच्या वर, कारण हवा खायच्या निमित्ताने बाया तिथे रेंगाळतात असा त्यांचा संशय. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितले, "कॅमेरा कोणाची ओळख ठेवत नाही. कोणीही बसलेले दिसले की फोटोसकट लाल खूण. खुणा थेट मालकांच्या मोबाइलवर जातील, मधे मीसुद्धा हात घालू शकत नाही. शनिवारी मालक सगळ्यांसमोर वाचतील. महिन्यात तीन दिवस लाल खूण आली की काम बंद. नियम सगळ्यांना सारखा."

मी मोरीजवळून एकेक शब्द ऐकत होतो आणि जपून ठेवत होतो.

सरिताच्या दोन लाल खुणा लवकरच झाल्या. चक्कर आली म्हणून ती पोत्यावर टेकली होती, बस. आता आणखी एक झाली की ती घरी. बाळंतपणाची रजा गेली, परत आल्यावर हक्काची जागाही गेली. ती रडत नव्हती. दात-ओठ आवळून उभी राहायची, आणि ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे होई. दुसऱ्या बाया तिचे काम ओढायला तयार होत्या, पण तिच्या पायांवर दुसरे कोण उभे राहणार?

नवतपा लागला. मे महिन्यातले ते नऊ दिवस नागपुरात कसे असतात, ते नागपूरकरांना सांगायला नको. पत्र्याखाली तिखट आणि ऊन, दोन्ही नाकात. साहेबांच्या ऑफिसातला एसी बंद पडला आणि ते लॅपटॉप घेऊन लाइनीवर येऊ लागले. उभे राहून त्यांना ते टोकदार बूट चावू लागले. कधी हा पाय, कधी तो पाय. रुखमाबाईंनी हे पाहिले. त्या मागे आल्या, ड्रम खाली उतरवला आणि मला बाहेर ओढले.

"चाल गा बाप्पा," त्या माझ्याशी हळूच बोलल्या. "आता तुह्यं काम आहे."

पदराने पुसून त्यांनी मला नेमके कूलरसमोर ठेवले. "बसा नं साहेब. दमले असाल. कूलरात वाळ्याचं पाणी आताच टाकलं आहे."

साहेब बसले.

तुम्हाला वाटेल, मी त्यांना धाडकन खाली पाडले असेल. सैल सांधा होताच, मनातही आले होते. पण पडलेला माणूस कपडे झटकून उठतो, आणि लोक त्यालाच पाणी देतात. नाही. मी सांधे घट्ट आवळले. जरासुद्धा डुगडुगलो नाही. आयुष्यात कोणाला दिला नसेल एवढा आराम मी त्या माणसाला दिला. त्यांनी बूट काढले, लॅपटॉप मांडीवर घेतला, पाठीवर थंड वारा घेतला आणि दिवसभर हललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आले ते सरळ माझ्याकडे. तिसऱ्या दिवशीही. डोक्यावरचा कॅमेरा त्यांनीच लावला होता, पण तो आपल्यासाठी नाही याची त्यांना इतकी खात्री होती की त्यांनी एकदाही मान वर केली नाही. लाइनीवरच्या बायांनी ओढण्यांआड तोंडे लपवली होती. मला मात्र त्यांचे डोळे दिसत होते.

त्याच तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सरिता पुन्हा कोलमडली. पोत्यावर बसली. सगळ्यांनी वर कॅमेऱ्याकडे पाहिले. तिची तिसरी लाल खूण झाली होती.

शनिवारी चंपतराव आले. चष्मा नाकावर ओढून मोबाइल वाचू लागले. "सरिता रामटेके. तीन." सरिता टेबलाची कड धरून उभी होती. साहेब म्हणाले, "नियमाप्रमाणे सोमवारपासून..."

"थांब जरा," चंपतरावांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "अजून एक आहे. कूलरजवळची जागा. तीन दिवस, दिवसदिवसभर. अन् बूट काढून! हा कोण आहे गा? पाठमोरा आहे, ओळखू नाही येऊन राहिला."

साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांचा शर्ट, त्यांचा लॅपटॉप, त्यांचे बूट फोटोत स्पष्ट दिसत होते. चंपतरावांनी एकदा फोटो पाहिला, एकदा साहेबांकडे पाहिले.

"तो नियम लाइनीसाठी आहे सर," साहेब चाचरले.

"तूच त मले म्हणाला होता, नियम सगळ्यांना सारखा. माह्या मोबाइलवर थेट येते, हे बी तूच म्हणाला. आता तुले घरी पाठवू, का काय करू?"

"सर, मी बसलो होतो, पण रिकामा नव्हतो. काम चालू होते. बसूनही काम होते, सर!"

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी मी ड्रमखाली कुजलो होतो.

रुखमाबाईंनी ते हवेतच झेलले. "मोठ्याने बोला नं साहेब. मागच्या बायांले ऐकू नाही आलं."

साहेबांनी मालकांकडे पाहिले. मालक काही त्यांच्या मदतीला आले नाहीत. चंपतराव कोणी दयाळू देवमाणूस नव्हेत, पण कोणी आपल्याला फसवलेले त्यांना खपत नाही. मग साहेबांना ते वाक्य पुन्हा म्हणावे लागले, मोठ्याने, सगळ्या लाइनीसमोर. आणि त्यानंतर सरिताच्या खुणा ठेवायला कोणाकडे कारणच उरले नाही. चंपतरावांनी तिच्याही पुसल्या आणि साहेबांच्याही. न बसण्याचा नियम त्याच दुपारी रद्द झाला.

"स्टूल देऊन ये तिले," चंपतराव म्हणाले.

साहेबांनी मला दोन्ही हातांनी उचलले. सरितापाशी आणून ठेवले. तिच्याकडे न पाहता म्हणाले, "टेका ताई."

सरिता बसली. एक पुडी चिकटवली, दुसरी घेतली. मग मान वर करून म्हणाली, "जाऊ नका साहेब. उभे राहा इथंच. पाहा, बसून काम होते का नाही ते."

मालक बघत होते. साहेब उभे राहिले. सुट्टीची घंटा होईपर्यंत, त्या चावऱ्या बुटांत, तिखटाच्या धुराळ्यात, माझ्या अगदी शेजारी उभे राहिले. घामाच्या धारा लागल्या, डोळे लाल झाले. सरिताने एकदाही घाई केली नाही.

मित्रांनो, शेवटी आम्ही काहीतरी विनंती करावी असा रिवाज आहे. माझीही आहे. मला रंग देऊ नका, पॉलिश नको, सांध्यात खिळा तेवढा मारा. आणि दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला, तो कोणीही असो, बसायला विचारत जा. मंगेश साहेब अजून आमच्याकडेच आहेत. कधी कधी लाइनीवर येऊन दमतात, माझ्याकडे बघतात. त्यांना तुम्ही विचारा. मी विचारणार नाही.