दसऱ्याची सुट्टी

चंदननं यंत्राच्या उद्घाटनाचा मुहूर्त काढला तोही दसऱ्याचा! निमंत्रण वाचून उर्मिला खो-खो हसली, आणि हसता हसता तिचे दात आवळले गेले.

भाईंदर पूर्वेला तिच्या वडिलांचा, अण्णांचा म्हणजे बाबाजी शिगवणांचा, गाळा होता. आधी स्टीलच्या पातेल्यांचा. लेक इंजिनीअर झाली तसे अण्णा म्हणाले, "पातेली पुष्कळ झाली, आता दवाखान्याचं काहीतरी बनवू." तान्ह्या बाळाचा श्वास मोजणारं यंत्र म्हटलं की पूर्वी परदेशाकडे डोळे लावून बसायचं. आता देशात गल्लीबोळांत अशी यंत्रं बनायला लागली होती. बापलेकीनं जिवाचं रान करून आपलंही बनवलं. विक्री बघायला चंदन होता. तिला ताई म्हणायचा, तिच्या डब्यातलं खायचा. आणि मेल्यानं एक दिवस सगळा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर उचलून मीरा रोडला स्वतःची कंपनी थाटली!

"आयडिया काय कुणाच्या बापाची असते, ताई?" वर तोंड करून हेही म्हणाला.

त्या दिवशी अण्णांनी शटर ओढलं ते पुन्हा उघडलंच नाही. वकील म्हणाला, पुरावा आणा. पुरावा चंदनच्या यंत्रात, तो कुठून आणणार, कपाळ! पण चंदनच्या तोंडून चारचौघांत अण्णांचं नाव वदवून घेईन, अशी तिनं खूणगाठ बांधली.

आता गंमत ऐका. दसऱ्याला अण्णांच्या गाळ्यात एकही यंत्र चालत नसे. पूजा, हार आणि दिवसभर विश्रांती. उर्मिलानं हौसेनं हे प्रोग्रॅममध्येही घातलं होतं, पुढच्या दसऱ्यांच्या तारखांसकट. ते बघून अण्णांचे डोळे भरून आले होते. विक्रीआधी काढून टाकायचं ठरलं होतं, पण त्याआधीच चोरी झाली. चंदनला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं; त्यानं उचललं तसं चिकटवलं. यंत्र अजून एकाही दवाखान्यात गेलं नव्हतं, नाहीतर ती गप्प बसली नसती.

हॉल गच्च भरला होता. 'भारतात बनलेलं, भारतासाठी' असा फलक. टेबलावर बाळाच्या जागी बाहुली, शेजारी यंत्र. पाहुण्या डॉक्टर हंसाबेननी बटण दाबलं. पडद्यावर झेंडूचा हार उमटला, खाली अक्षरं. त्यांनी चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं, "आज दसरा. बाबाजी शिगवण यांच्या कारखान्यात यंत्रांना सुट्टी. अरे चंदनभाई, ये बाबाजी कौन है?"

"टेक्निकल एरर आहे, मॅडम!" चंदन धावत आला. सगळी बटणं दाबून झाली. हार जाईना.

मागून उर्मिला उठली. काय गार वाटलं म्हणून सांगू तिच्या जिवाला! "एरर नाही, मॅडम. लाल बटण दाबून धरा, चालू होईल."

हंसाबेननी बटण धरलं. यंत्र चालू झालं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, मोबाइल वर झाले.

"ताई, पाया पडतो," चंदन पुटपुटला. "नंतर बोलू ना. पार्टनर करतो तुला."

"मॅडमनी विचारलंय ना? सांग त्यांना, बाबाजी कोण."

त्यानं वर झालेले मोबाइल पाहिले. मग म्हणाला, "यंत्र... त्यांचं आहे. बाबाजी शिगवणांचं."

"माइकवर."

त्यानं माइकवर सांगितलं. फोनवर अण्णा ऐकत होते. तिनं कॉल आधीच लावून ठेवला होता.

उर्मिलानं पर्समधून आपट्याचं पान काढलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातावर ठेवलं.

"सोनं घे, चंदन. आता कोर्टात भेटू."