चाकावरची शेंदराची रेघ

लहान दिराला मोटारसायकलचं वेड आणि नवऱ्याला स्वतःच्या हातांचा गर्व. अशा घरात नांदायला जायचं तर बाईने आपलं डोकं माहेरीच ठेवून जावं. मी ते सोबत घेऊन आले होते, आणि वर ते वापरायची खोड होती.

माझा दीर दौलत. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान लिलावात निघालं, त्यातली एक लहानशी मोटारसायकल या हातातून त्या हातात फिरत त्याच्यापर्यंत आली. लढाईत विमानातून छत्रीला बांधून खाली सोडायचे, त्या जातीची म्हणे. सायकलीपेक्षा थोडी जाड, आवाज मात्र पिठाच्या गिरणीएवढा. दौलतने तिचे मडगार्ड काढले, दिवा काढला, मागची सीट काढली आणि शिळफाट्याजवळच्या आमच्या गावात शेतांच्या बांधांवरून उंडारायला लागला.

दसऱ्याला माणसं शीव ओलांडायला जातात. आमच्या गावची शीव टेकडीच्या माथ्यावर आहे. अलीकडे पोरांनी नवीनच टूम काढली होती. सीमोल्लंघन गाडीवरून करायचं, खडीच्या खाणीच्या वाटेने, आणि जो आधी माथ्यावर पोचेल त्याच्या हातून गावाने आपट्याची पहिली पानं घ्यायची. गेल्या दसऱ्याला खोपटचा गॅरेजवाला काळुराम आधी पोचला. परगावच्या माणसाच्या हातून सोनं घ्यावं लागलं, ते दौलतला वर्षभर खुपत होतं.

"दादा, चढावर गाडी लवकर उचलत नाय," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. "फ्लायव्हील जड हाय. हलकं करून दे मना."

माझा नवरा परशुराम, मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात फिटर. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या कुशीला फिरणारं बिडाचं चाक. ते जड असलं की इंजिन संथ चालतं, हलकं केलं की मूठ पिरगळताच उसळतं. हे मला कुणी शिकवलं नाही. आठवडाभर घरात दुसरा विषयच नव्हता. आमटीत मी मीठ घालायला विसरले, तेसुद्धा दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

खरं तर हे काम लेथचं, लोखंड कातणाऱ्या यंत्राचं. पण कारखान्यात दसऱ्याच्या पूजेसाठी यंत्रं धुऊनपुसून बंद ठेवलेली, लेथला कुणी हात लावू देईना. "लेथ कनाला पायजे?" हे म्हणाले. "माजा हात हाय ना." आणि अष्टमीला पडवीत बसून त्यांनी हातड्रिलने चाकाच्या काठालगत भोकं पाडायला घेतली. चार भोकं सरळ पडली. पाचव्यात ड्रिलचं पातं अडकून बसलं. ह्यांनी आधी हळू ठोकलं, मग राग आल्यावर हातोडा उगारून ठोकलं.

"अवो, जरा दमानं," मी चुलीपासूनच म्हटलं.

"तू भाकरी बघ," हे म्हणाले. पातं निघालं, आणि हे विजयी मुद्रेने पुढच्या भोकाला लागले.

दसऱ्याच्या सकाळी हे कारखान्याच्या पूजेला गेले. तिथून परस्पर टेकडीवर येणार होते. दौलतने चाक बसवलं, पण वरचं झाकण बसवलंच नाही. तेवढंच वजन कमी, म्हणाला. आता ते चाक त्याच्या उजव्या नडगीशेजारी उघडंच फिरणार होतं.

मग सासूबाई, आवडाबाई, पूजेचं ताट घेऊन बाहेर आल्या. तेलात कालवलेला शेंदूर त्यांनी कोयत्याला लावला, हातोड्याला लावला, मुसळाला लावला, आणि मग गाडीकडे वळल्या. "यो चाक फिरतं ना? मंग त्यालाच मोठा मान," म्हणत त्यांनी सगळ्या चाकावर बोटांनी शेंदूर थापला.

"वयनी, पुस गं ते," दौलत म्हणाला. "फिरलं का सगला माज्या पँटीवर उडंल."

मी चिंधी घेऊन पुसायला बसले. शेंदूर निघाला, फक्त एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत केसाएवढी लाल रेघ राहिली. ती पुढे काठापर्यंत गेलेली. मी रॉकेलने पुसली. गेली. चिंधी खाली ठेवली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती रेघ पुन्हा उमटली. लोखंडाच्या आतून तेल पाझरून वर येत होतं.

माझ्या माहेरी बिडाचा तवा होता, त्यात अशीच एक तेल पिणारी रेघ होती. आई म्हणायची, ओरखडा आहे. एका सकाळी भाकरीसकट त्याचे दोन तुकडे चुलीत पडले. तवा निदान एका जागी बसून असतो. हे चाक भिरभिरत असताना फुटलं तर त्याचा तुकडा दौलतच्या पायातून आरपार जाईल, नाहीतर त्याहून वर कुठे.

"भावजी, चाक तडकलंय."

त्याने वाकून पाहिलं आणि हसला. "ओरखडा हाय गं. दादानं केलंय ते. दादाच्या हातचं काम तडकंल?"

"दादा बघंपर्यंत चालू नका करू. माजं एवढं ऐका."

"बरं बाई, तुज्यासाठी ढकलत नेतो," तो म्हणाला. "आनि ऐक. दादा बोलला बसू नको, तर नाय बसनार. दादा बोलला बस, तर मंग तू मधी बोलायचं नाय." मी हो म्हटलं. नवरा पाहील आणि सांगेल, यात मला तिळभर शंका नव्हती.

टेकडीच्या पायथ्याशी अर्धं गाव जमलं होतं. ढोल वाजत होता. काळुराम आपली गाडी गुरगुरवत उभा होता. ह्यांचा पत्ता नव्हता. काळुराम दोनदा ओरडला, "चला की रं, दिवस मावलंल!" तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा दौलतने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवून नाही म्हटलं. एवढ्यात हे सायकल हाणत, घामाघूम होऊन आले. मी त्यांचा दंड धरून त्यांना गाडीपाशी नेलं आणि रेघ दाखवली.

हे खाली बसले. अंगठ्याने रेघ पुसली. थांबले. रेघ पुन्हा आली. मी चाकाकडे बघतच नव्हते, ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ कोरडे पडले होते. ह्यांना कळलं, माझ्याहून पक्कं कळलं. मी मनात म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात काळुराम गाडीवरूनच म्हणाला, "काय फिटर, घरातच भोकं पाडलीस म्हनं? लेथवाल्यांच्या पोटावर पाय आनलास की!" आजूबाजूची माणसं खो खो हसली.

हे उठून उभे राहिले. अंगठा धोतराला पुसला. "काय नाय," म्हणाले. "ओरखडा हाय. बस दौलत."

दौलतने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि गाडीवर टांग टाकली. त्याची उजवी नडगी त्या चाकापासून वीतभरही लांब नव्हती. पेट्रोल सोडलं. पाय किकवर गेला. मधे बोलणार नाही असं मी कबूल केलं होतं, ते मला आठवत होतं. पण माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली की पदर खोचून मी गाडीचं हँडल घट्ट धरलं.

"उतरा भावजी," मी म्हटलं. मग नवऱ्याकडे वळले. "तुमी बसा. एकदा वर जाऊन या. ओरखडाच हाय ना?"

लोकांना वाटलं, दसऱ्याची थट्टा चाललीय. कुणीतरी शिट्टी मारली. दौलतलाही हसू आलं. तो उतरला, गाडी सरळ धरून भावाला म्हणाला, "चल दादा, दाखव वयनीला. माथ्यापर्यंत नको, त्या आंब्यापर्यंत जाऊन ये."

हे पुढे आले. एक हात मुठीवर ठेवला. डोळे मात्र खाली, चाकावर. ढोलवाल्याने गमतीने दोन टिपऱ्या मारल्या आणि थांबला. हे तसेच उभे. मग त्यांनी मुठीवरचा हात काढून घेतला.

"पूजेची कापडं हायत अंगावर," हे म्हणाले. "तेल लागंल."

कुणी हसलं नाही. काळुरामने आपलं इंजिन बंद केलं, तेव्हा कुठे मला कळलं की इतका वेळ ते चालू होतं. दौलत अजून गाडी धरून उभा होता, भावाला बसता यावं म्हणून जरा कलती करून. त्याच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते हळूहळू गेलं, आणि ते जाताना बघण्यापेक्षा मी डोळे मिटून घ्यायला हवे होते.

त्याने वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला.

"दादा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, "तू बसाया लागला असतास ना, तर मी तुना बसू दिलं नसतं."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्या चाकाला हातोडा मी मारला होता. खुशाल बघावं. दौलतचा पाय शाबूत होता, मला आनंदाने रडू येत होतं, आणि त्याची मान खाली गेलेली बघून दुसरंही रडू येत होतं. दोन्ही एकदमच आलं.

दौलतने गाडी वळवली आणि घराच्या वाटेने एकटा ढकलायला लागला. मधल्या चढणीला ती मागे येऊ लागली तेव्हा मी धावत गेले आणि मागून हात लावला. हे आले नाहीत.