तांब्याचा पत्रा

पत्र्याच्या कडेला, कोपऱ्यापासून बोटभर आत, मोहरीएवढा एक हिरवा ठिपका होता. बाकी पत्रा लालसर, नुकताच घासलेला, खिडकीतल्या उन्हात जरा उद्धटपणे चमकणारा. पण त्या एका जागी कधीतरी पाण्याचा थेंब सुकला होता आणि तिथून तांबं सुटायला लागलं होतं. रंजिताने नखाने तो ठिपका खरवडला. नखाखाली हिरवी भुकटी आली. तिने ती पुसली नाही, नुसती बघत राहिली – आणि तिला बरं वाटलं. हे बरं वाटणं बरं नव्हतं, एवढं तिला कळत होतं. कळूनही ते जाईना.

पत्र्याशेजारी ॲल्युमिनियमची पट्टी पडली होती, सरकत्या खिडक्यांच्या दुकानातून आणलेली, फिकट, मागे धातूचेच पातळ उभे पडदे असलेली, कुणाच्या नजरेत न भरणारी. आणि समोर, भिंतीला लागून, तिच्या नवऱ्याची, इंद्रजीतची काचेची टाकी. तळाला काळी माती, हिरवी रोपं, आणि त्या रोपांवर चालणारे लाल झिंगे, नखाएवढे, नाजूक, सतत काहीतरी खुडत असलेले. नागपूरहून डब्यात घालून, मांडीवर घेऊन आणले होते त्याने. टाकीवरचे एलईडी दिवे तो स्वतः बनवत होता. अशा दिव्यांचा उजेड खाली पडतो आणि ताप मागे जातो. तो ताप ओढून हवेत सोडणारा धातू पाठीशी नसला तर दिवे लवकर मान टाकतात. कोणता धातू, एवढंच ठरायचं होतं. परवा त्याने जेवता जेवता विचारलं होतं, आणि तिने ताटातून नजर न काढता सांगितलं होतं की तांबं ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ दुप्पट उष्णता वाहून नेतं.

वाक्य खरं होतं. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. पण त्याच्यापुढची वाक्यंही तिला पाठ होती… की एवढ्याशा पत्र्यात नेण्याला महत्त्व नाही, सोडण्याला आहे, आणि सोडायला पृष्ठभाग लागतो, तो त्या पडदेवाल्या पट्टीला जास्त. की रात्री दिवे बंद झाले की पत्रा गार होणार, टाकीची वाफ त्यावर धरणार, थेंब होऊन खाली गळणार. की त्या थेंबाबरोबर तांबं पाण्यात जाणार, आणि मासे एक वेळ तगतील, झिंगे नाही तगणार. गंमत म्हणजे झिंग्यांच्या रक्तात मुळात तांबंच असतं. स्वतःपुरतं. वरून आलेलं मात्र त्यांना मारतं.

ही वाक्यं तिने सांगितली नव्हती. भाकरीचा तुकडा मोडून वरणात बुडवला होता.

खोटं कुठे बोलले मी… असं तिने तेव्हापासून मनाशी कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं, आणि दर वेळी त्या वाक्याला एक गोड, लोखंडी चव आली होती.

इंद्रजीतला हे उत्तर आवडणारच होतं. दारव्ह्यात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळलेल्या मोटरी त्याच्याकडे यायच्या आणि तांब्याची नवी तार गुंडाळून परत जायच्या. त्या धंद्यात ॲल्युमिनियमची तार म्हणजे लबाडी. वरून तांब्याच्या रंगाचा मुलामा, आत ॲल्युमिनियम, पहिल्याच उन्हाळ्यात मोटर खलास. आपण तसली तार कधी हातात धरली नाही, हे तो लग्नाच्या मांडवातही लोकांना ऐकवायचा. त्याला वाटत होतं, जे मोटरीला खरं ते सगळ्याला खरं. माणूस ज्या गोष्टीचा अभिमान बाळगतो तिथेच तो न विचारता चालत जातो – आणि आपण फक्त वाट दाखवायची, दाखवायचीसुद्धा नाही, वाटेतून बाजूला व्हायचं.

या खोलीत आधी पलंग होता. त्यावर सुखीबाई, तिची सासू. सगळं घर त्यांना याडी, म्हणजे आई, म्हणायचं. अर्धं अंग गेल्यावर त्या इथेच पडून होत्या, आणि रंजिताने त्यांचं सगळं केलं. त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. म्हातारीची वाचा गेली होती तरी ती रंजिताचं बोट धरून ठेवायची. राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. तेव्हा ती नेरच्या ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, आणि याडींसाठी थोड्या दिवसांची रजा घेऊन आली होती. एका संध्याकाळी ती याडींना पुसून घेत असताना तिचा फोन वाजला. हात ओले. फोन इंद्रजीतने उचलला. पलीकडे प्राचार्य विमलताई होत्या, आणि तो एकदम शुद्ध, सभेतल्यासारख्या मराठीत म्हणाला, “नाही मॅडम, ती आता येणार नाही.” मग फोन खिशात टाकून, जणू बाजारातून एखादं ओझं तिच्यासाठी उचलून आणलं असावं तशा आवाजात तिला म्हणाला, सांगून टाकलं, तुझ्या डोक्याचा ताप गेला.

रंजिताने कपडा पिळला, दुसऱ्या बाजूने पुसायला घेतलं. त्या वेळी न बोलणं सोपं वाटलं होतं… नंतर ते घरातल्या सामानासारखं झालं, कोपऱ्यात उभं, रोज झाडून पुसून ठेवलेलं.

याडी गेल्यावर तिने खोली फिनेलने धुतली. मनात दोन टेबलं मांडली, एक तराजू, भिंगं, लोलक. अकरावीच्या पोरी येतील, हाताने प्रयोग करतील. नुसतं मनात. आणि बाजाराच्या दिवशी टेम्पोतून ही टाकी आली. खोली रिकामीच तर होती, तो म्हणाला होता.

त्याच विमलताईंचा आता पुन्हा निरोप होता. जागा आहे, या सत्रापासून, येतेस का ते सांग. रंजिता सांगते म्हणाली होती आणि सांगत नव्हती. घरात तिने ते नुसतं एकदा उच्चारलं, तर इंद्रजीत हसून म्हणाला होता की नेरच्या एसटीत उभं राहायची सवय मोडली तुझी आता.

दुपारी जमीर आला. बसस्टँडजवळ ट्रकांचे रेडिएटर दुरुस्त करणारा, इंद्रजीतचा शाळेपासूनचा दोस्त. पत्रा त्यानेच ठोकून सरळ करून दिला होता, आणि आज भोकं पाडायला ड्रिल घेऊन आला होता. तिने चहा दिला. जमीरने एक घोट घेऊन टाकीकडे, मग वर न फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं.

“वा रे दुनिया. माणसाले पंखा नाई आन झिंग्याले तांब्याचं छप्पर. भाभी, चहात साखर टाकाची राहून गेली का झिंग्याईले देली?”

इंद्रजीत हसला. खिडकीवाल्याची पट्टी त्याने पायाने सरकवली, म्हणाला की लोक असल्या पट्टीवर भागवतात, आपल्या घरात हे चालत नाही. जमीरने भाभीला विचारलंस का म्हटल्यावर तर त्याची छाती फुगलीच. तिनेच तर सांगितलं, म्हणाला. एमएस्सी आहे, उगीच नाही.

तिने साखरेचा डबा आणून ठेवला. तिच्या मनात सगळं व्यवस्थित चालू होतं. ती ते आधीच पाहत होती… एक झिंगा उलटा पडेल, मग दोन. लाल रंग दुधाळ होत जाईल. इंद्रजीत पाणी बदलेल, बाटल्यांतली औषधं टाकेल, काचेला नाक लावून बसेल, आणि शेवटी तिला विचारेल, काय झालं असंल? ती शेजारी उभी राहील, म्हणेल, काय माहीत. त्याचा तो हतबल चेहरा तिने इतका नीट, इतक्या जवळून पाहिला की ओठ आपोआप ताणले गेले.

आणि मग तिला पुढचं दिसलं. तो बोअरच्या पाण्याला शिव्या घालेल. नागपूरच्या दुकानदाराला फोनवर झापेल. नवे झिंगे आणेल. तांब्यावर त्याचा वहीम जाणार नाही, तिच्यावर तर नाहीच. म्हणजे एवढं सगळं होऊनही ती तिथे नसणारच. तिच्या सुडातसुद्धा तिचं नाव नसणार. तिथेही तीच, कपडा पिळणारी, ओल्या हातांची, दुसरंच कुणीतरी बोलत असताना गप्प. कुणाला न कळलेला सूड कसला… ती फक्त आणखी थोडी चुप्पी.

जमीरने ड्रिलचं टोक पत्र्यावर टेकवलं.

“थांबा जमीरभाई,” ती म्हणाली. “तांबं नका लावू. त्याचं पाणी टाकीत गळंल. झिंगे मरतात त्यानं.”

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. इंद्रजीत काहीतरी हसण्यासारखं करायला गेला.

“तूच त म्हनलं होतं…”

“उष्णता चांगली नेते म्हटलं होतं. नेते.”

“मंग हे माहीत नव्हतं तुले तवा?”

“माहीत होतं.”

जमीरने ड्रिल हळूच खाली ठेवलं आणि चहाच्या कपात बघायला लागला. इंद्रजीतने आधी पत्र्याकडे पाहिलं. मग एकेक गोष्ट जुळत गेली तसा तो टाकीकडे वळला, झिंग्यांकडे, पुन्हा तिच्याकडे. आपल्याच घरातल्या भिंतीला हात लावावा आणि झटका बसावा, तसं.

“काहून नाई सांगितलं?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि तिला ती आवडली. कल्पनेतल्या त्या हतबल चेहऱ्यापेक्षा हा चेहरा कितीतरी चांगला होता, कारण तो झिंग्यांमुळे नव्हता, तिच्यामुळे होता. आता हा माणूस तिच्या प्रत्येक उत्तराचा उरलेला अर्धा भाग शोधत बसेल. शोधू दे. तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की मन शांत होईल. झालं नाही. उलट ते आणखी मागू लागलं, पण अंधारात नाही, असं समोर उभं राहून, दिवसाढवळ्या. 

“मले बोलू देल्लं कोनी?” असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तो प्रश्न तिला एकदम फार लहान, फार रडका वाटला. तो तिने सोडून दिला.

“सोमवारपासून मी नेरले शिकवाले जाऊन राह्यली,” ती म्हणाली.