बाप्तिस्म्याचं तेल

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या बायकोला, आर्गिरोला, मुलगा झालाय!" मानूसोसने घाण्याच्या दारातूनच जाहीर केलं.

दगडाला जुंपलेलं खेचर थांबलं. ते तसंही सारखं थांबायचं, पण त्या दिवशी ते ऐकायलाच थांबलं, असं क्रीटच्या त्या डोंगरगावात आजही सांगतात.

म्हाताऱ्या मानूसोसचा इलाज खुंटला होता. वादळाने एका रात्रीत गावभरची ऑलिव्ह पाडली आणि सगळेच एकदम घाण्यावर येऊन बसले. त्याची पोती भिंतीशी ताटकळत होती. सकाळी हात घातला तर आत भट्टीसारखी ऊब. फळं तापली की तेलाला कुबट वास, आणि तो वास वर्षभर जेवणात. त्याने विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, एकदा रडूनही पाहिलं. घाणेवाला स्टामाटिस एकच म्हणे, "रांग ती रांग, काका."

रांग मोडायची एकाच तेलासाठी: बाप्तिस्म्याच्या. बाळाच्या अंगाला ताजंच तेल लागतं. त्यावर शंका घ्यायची नाही, बाळाला बाधते. मात्र खोटं उघडं पडलं, तर लगद्याच्या चटया दाबाखालून उतरवून पोती रांगेच्या शेपटाला.

"आर्गिरोकाकूला? सत्तरीत?" रांगेत पहिली असलेली विधवा कलिओपी किंचाळली.

"अडुसष्ट. उगाच वय वाढवू नकोस."

"पोट कसं दिसलं नाही?"

"थंडीचे कपडे, बाई. शिवाय पोर बारकंच आहे. मिशा तेवढ्या मोठ्या आहेत."

स्टामाटिसने छताकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या संताच्या तसबिरीकडे पाहिलं, आणि छातीवर क्रूसाची खूण केली. "मी काही विचारलेलं नाही हं, देवा. आणा तुमची पोती."

दगड फिरला. जांभळट लगदा गोल चटयांवर थापला, चटयांची चळत दाबाखाली गेली. चौघे दाबाच्या दांड्याला भिडले.

"बाळाचा धर्मबाप मी!" त्यातला एक धापा टाकत म्हणाला. "चांदीचा क्रूस घालीन."

"आणि पाळणा माझा," कलिओपी विरघळून म्हणाली. "नाव काय ठेवलंत?"

मानूसोसला घाम फुटला. थाप आता त्याच्या हातात राहिली नव्हती, उतारावरच्या दगडासारखी सुटली होती. त्याने निखाऱ्यावर भाजलेला पाव पन्हळीखाली धरला. एक धार पडू दे, घशाला झोंबणारी, हिरवी. मग काय व्हायचं ते होवो. चटयांच्या कडा ओलावल्या. थेंब जमला, लोंबला, पडेना.

तेवढ्यात दारात आर्गिरो उभी राहिली. नवं तेल चाखायला घरधनीण पाव घेऊन येतेच, हे तो नेमका विसरला होता. बायको खोटं बोलत नाही, ही तर त्याची लग्नापासूनची अडचण.

"अभिनंदन, काकू!" सगळे ओरडले. "मुलगा झाला!"

मानूसोसने एक डोळा मिचकावला. मग दुसरा. मग दोन्ही.

आर्गिरोने टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले.

"मला मुलगा झाला? अहो, थापाडे, मग मला उठवायचं तरी होतंत!"