अकरा माणसांचा कारखाना

कारखाना विकला गेला तेव्हा टर्नरचं त्रेसष्टावं वर्ष सरत आलं होतं. कारखाना म्हणायचा तो आपला मोठेपणा. पत्र्याच्या शेडमध्ये चार लेथ, दोन ड्रिल मशिनं आणि अकरा माणसं, एवढाच पसारा. तिथे कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. लेथवर उभा तो टर्नर, त्याने कातलेले भाग जुळवून बसवणारा तो फिटर. दोघांनी सत्तावीस वर्षं एकाच बाकावर बसून डबे खाल्ले. फिटर तोंडाचा फटकळ, टर्नर अबोल. "तुझ्या बायकोने संसार तुझ्याशी केला की भिंतीशी?" असं फिटर त्याला येता-जाता विचारायचा. चार वर्षांपूर्वी ती गेली, त्या दिवसापासून फिटरने ते एकदाही विचारलं नाही. टर्नर हे कधी बोलून दाखवत नसे, पण विसरलाही नव्हता.

एका दुपारी मालकाने सगळ्यांना गोळा केलं आणि हात जोडले. जागा विकली, मशिनं भंगारात चालली. जे तरुण होते त्यांना महिन्याभरात कुठे ना कुठे काम मिळालं. टर्नरने दहा-बारा वर्कशॉपचे उंबरे झिजवले. एका ठिकाणी त्याने मागितलेला तुकडा कातून दाखवला, तेव्हा तिथल्या सुपरवायझरने तो मोजून पाहिला आणि म्हणाला, "क्या बात है, सुताचाही फरक नाही!" मग प्रश्न आला, "वय किती?" वय सांगितलं की समोरचा माणूस एकदम आदराने बोलायला लागायचा. बसा म्हणायचा, पाणी मागवायचा. माणूस आदरावर आला की टर्नर ओळखायचा, इथे काही काम नाही.

त्याची एक खोली होती, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याची. सकाळी सवयीने सहाला जाग यायची. पोळीभाजी करून डबा भरून झाला की आठवायचं, जायचं कुठेच नाही. मग तोच डबा दुपारी खिडकीशी बसून उघडायचा. मुलगा दूरच्या शहरात. रविवारी फोन करायचा. "बाबा, खूप केलंत. आता आराम करा." टर्नर "हो" म्हणायचा. आरामाचं भाडं कोण भरणार, हे ओठांवर यायचं. पण मुलाचीही ओढाताण त्याला माहीत होती. मग तो विचारायचा, "तिकडे थंडी आहे का रे?"

शेवटी तो इमारतींच्या दारावर माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीत गेला. वयाची अट पंचावन्नच्या आत. आदल्या दिवशी त्याने केसांना कलप लावला होता. जिन्यात शेजारीण भेटली ती तोंडाला पदर लावून हसली.

"काका, लग्न ठरलं की काय?"

"नोकरी ठरतेय."

"म्हणजे तेच की. दोन्हीकडे वय चोरावंच लागतं."

एजन्सीचा माणूस मान वर न करता अर्ज भरत होता. "चोपन्न लिहितो," तोच म्हणाला. "कागद नंतर बघू. फक्त तिथे मॅडमसमोर गडबडू नका."

एजन्सीने ज्या इमारतीत पाठवलं ती काचेची होती, सगळी ऑफिसं. खालच्या मजल्यावर बाकावर सात-आठ जण बसले होते, आणि त्यांत फिटर होता. कारखाना सुटल्यापासून दोघं भेटले नव्हते. फिटरचं डोकं कापसासारखं पांढरं होतं. टर्नरला पाहताच तो उठून उभा राहिला.

"अरे तू! आणि हे काय? डोक्याला डांबर फासलंस?"

"हळू बोल. चोपन्न सांगितलंय."

"चोपन्न! माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा झालास की रे!" फिटर तोंड दाबून हसला. "मी आपलं बासष्ट लिहिलंय. घेतलं तर घेतलं. तुला माहीत आहे ना, खोटं बोललं की मला उचकी लागते."

हे खरंच होतं. मालकाला काही थाप मारायची वेळ आली की फिटरला मागे ठेवायचे.

चौघाचौघांना आत बोलावत होते. दोघं एकाच खेपेला आत गेले. मॅडम चाळिशीच्या, चेहऱ्याने दमलेल्या. त्यांनी अर्ज शेजारी शेजारी ठेवले.

"तुम्ही दोघं एकाच कारखान्यातले दिसता. वर्षंही तीच. ओळखता एकमेकांना?"

त्यांनी सहज विचारलं होतं. पण टर्नरने पुढचं ताडलं. हो म्हणावं, तर पुढचा प्रश्न फिटरला येणार, हे खरंच चोपन्नचे का? आणि फिटरला उचकी लागणार.

"नाही," टर्नर म्हणाला.

"तुम्ही?" मॅडमनी फिटरकडे पाहिलं.

फिटर टर्नरकडे वळला. एखादा भाग नीट बसतोय की नाही हे तपासताना तो जसा बघायचा, तसा त्याने त्याला पाहून घेतलं.

"नाही बाई. कारखाना मोठा होता. शेकड्यांनी माणसं. कोण कुणाला ओळखणार?"

त्याला उचकी लागली नाही.

टर्नरला सोमवारपासून यायला सांगितलं. फिटरला मॅडम म्हणाल्या, "आजोबा, नियमच आहे हो, माझ्या हातात नाही." टर्नर कागदांवर सह्या करून बाहेर आला तेव्हा बाक रिकामा होता.

काम म्हटलं तर काहीच नव्हतं. दार उघडायचं, बंद करायचं, नवा माणूस आला तर कुठला मजला ते सांगायचं. बसायची परवानगी नव्हती. लेथवर तो आयुष्यभर उभाच राहिला होता, पण तिथे पायांना माहीत असायचं की आपण का उभे आहोत. इथे दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागत, आणि चोपन्न वर्षांच्या माणसाने गुडघ्यांवर हात ठेवून चालत नाही. शेकडो लोक ये-जा करत. कानाला फोन, नजर पुढे. दार आपण उघडलं नसून कुणीतरी उघडलंय, एवढंही त्यांच्या ध्यानात नसे. पहिल्या आठवड्यात त्याने कामावर उच्चारलेले शब्द मोजायला गेलं तर हाताची बोटं पुरली असती: चौथा मजला, दुसरा मजला, उजवीकडे.

पहिल्या दोन सुट्ट्या त्याने घरातच काढल्या. तिसऱ्या सुट्टीला धीर करून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला फिटरकडे गेला. मुलगा, सून आणि फिटर दोन खोल्यांत राहत. फिटर जमिनीवर बसून पुठ्ठ्याची खोकी चिकटवत होता. आजूबाजूला तयार खोक्यांची चळत.

"या," फिटर म्हणाला. "बसा."

टर्नर दारातच थबकला. सत्तावीस वर्षं अरे-तुरेत गेली होती. शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा तर पाना अंगावर फेकून घेतला होता. पण ह्या "बसा"सारखं काही लागलं नव्हतं.

"तू रागावलायस."

"छे. राग कसला? तुम्हाला गरज होती. माझ्या घरी निदान मिळवता मुलगा तरी आहे." फिटरने एक खोकं घडी घालून उभं केलं. "पाय दुखतात का तिथे?"

"दुखतात."

"रोज रात्री तेल लाव..." फिटर बोलून गेला, आणि लगेच सुधारून घेतलं, "लावा." दोघंही हसले नाहीत.

महिन्याभराने मागच्या दारावरचा माणूस काम सोडून गेला. मॅडम टर्नरच्या शेजारून जात होत्या, तेव्हा त्याने त्यांना थांबवलं.

"मॅडम, एक माणूस आहे. फिटर. त्या दिवशी माझ्याबरोबर होता तो."

"तुम्ही तर ओळखत नाही म्हणाला होतात."

"खोटं बोललो. सत्तावीस वर्षं ओळखतो. अकरा माणसांचा कारखाना होता तो, मॅडम. आणि मी चोपन्नचा नाही, त्रेसष्टचा आहे."

बोलून टाकल्यावर त्याला हलकं वाटलं. आता काय व्हायचं ते होवो, असं मनाशी म्हणून तो खाली बघत उभा राहिला. मॅडमनी मागे-पुढे पाहिलं.

"हे मी ऐकलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या ह्या दारावर मला तुम्ही लागणार आहात. पण त्यांच्या अर्जावर बासष्ट लिहिलेलं आहे, ते वर सगळ्यांनी वाचलंय. त्याचं मी काही करू शकत नाही." मग जाता जाता, "पुन्हा कुणाला सांगू नका."

खरं बोलून कुणाचं बरंवाईट काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी टर्नर त्याच दारात उभा होता आणि मागच्या दारावर कुणी एक पस्तिशीचा गडी.

पुढच्या सुट्टीला त्याने हे सगळं फिटरला सांगितलं. फिटरचा हात क्षणभर थांबला.

"कशाला बोललात? नोकरी गेली असती म्हणजे?"

"गेली नाही."

"नशीब समजा."

सुनेने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. मग टर्नरने एक पुठ्ठा ओढून घेतला आणि घडी घालायला लागला. फिटरने तो त्याच्या हातातून काढून उलटा केला.

"गुळगुळीत बाजू बाहेर."

टर्नरने पुन्हा घडी घातली. ह्या वेळी कोपरे काटकोनात बसले. फिटरने खोकं हातात घेतलं, एक डोळा मिटून कडा पाहिली आणि चळतीवर ठेवून दिलं.

आता टर्नर दर सुट्टीला तिथे जातो. फिटर त्याला ये म्हणत नाही, नको असंही म्हणत नाही. तीन-चार तास दोघं समोरासमोर बसून खोकी करतात. फिटरचं ते पूर्वीचं फटकळ बोलणं सुनेच्या, शेजाऱ्यांच्या वाट्याला येतं. टर्नरशी तो पाहुण्याशी बोलावं तसं मोजकं, नीट बोलतो. ऊन उतरलं की टर्नर उठतो. "येतो." "बरंय, सांभाळून जा," फिटर म्हणतो, पुठ्ठ्यावरची नजर न काढता. परतीची बस त्या वेळी जवळजवळ रिकामी असते. टर्नर खिडकीशी बसतो आणि बोटांवर वाळलेली खळ नखाने सोलत राहतो, शेवटच्या थांब्यापर्यंत.