खालच्या शेताचा नमुना

ज्या माणसाने जन्मभर मातीला माय मानले, त्याच्याच हातून मातीविषयी खोटे घडावे, हा नशिबाचा खेळ म्हणावा की स्वभावाचा दोष, याचा निवाडा थोरल्याला अखेरपर्यंत करता आला नाही.

शेत दोघा भावांचे होते. वरचे थोरल्याकडे, खालचे धाकट्याकडे. वरची माती काळीभोर आणि भुसभुशीत. मुठीत दाबली तर गोळा व्हावा व बोट लावताच तो फुटावा, अशी गुणाची. खालचे शेत मात्र बशीसारखे खोलगट. तेथे पाणी मुरत नसे. ओली असताना ती माती पायातली चप्पल ओढून घेई, वाळल्यावर फरशीसारखी टणक होई, आणि ऊन चढू लागले की तिच्यावर मिठासारखा पांढरा थर धरे. पेरलेल्यातले निम्मे उगवे व उगवलेल्यातले निम्मे पिवळे पडे.

माती तपासणीच्या कचेरीने नमुने मागवले, तेव्हा धाकटा बायकोच्या बाळंतपणासाठी सासुरवाडीस गेला होता. सबब दोन्ही शेतांचे नमुने काढण्याचे काम थोरल्याकडे आले. तपासनीस साहेबांनी रीत समजावून दिली होती. नागमोडी चालत आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यावेत, सगळी माती एकत्र कालवून तिचे चार वाटे करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि ढिगातून शेरभर माती उरेपर्यंत हेच करीत राहावे. बांधाजवळची, झाडाखालची, शेणाच्या उकिरड्याची माती मुळीच घेऊ नये. हे नमुने कशासाठी, ते मात्र कोणी सांगितले नव्हते.

वरच्या शेतात थोरल्याने ही रीत तंतोतंत पाळली. खालच्या शेतात पहिल्याच खड्ड्यातून निळसर, कुबट वासाचे ढेकूळ निघाले. ते त्याने परत खड्ड्यात टाकले. बापाची जमीन, आणि ती अशा रूपात चार शिकलेल्या लोकांपुढे जावी, हे त्याच्या अंतःकरणास सहन होईना. पाहुणा आला म्हणजे कोणी फाटकी सतरंजी अंथरत नाही, त्यात पाहुण्याला फसवण्याचा हेतू नसतो, असा त्याने विचार केला. त्याच शेताच्या कोपऱ्यातल्या ज्या झाडाखाली पूर्वी गुरे बांधीत, तेथली शेणखताने काळी झालेली माती त्याने पिशवीत भरली आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात धाकट्याचे नाव लिहिले.

दोन महिन्यांनी अहवाल आला. जमीन उत्तम, निचरा चांगला, क्षार नाहीत. थोरल्याने तो कागद मोठ्या कौतुकाने धाकट्याच्या हाती दिला. धाकट्याने तो दोनदा वाचला व ही आपलीच माती का, एवढेच विचारले. थोरला म्हणाला की आपलीच.

त्याच आठवड्यात त्या नमुन्यांवरून केलेली यादी लागली. ज्यांची माती सर्वांत बिघडलेली, त्यांच्या शेतातले खारे पाणी ओढ्यात काढून देणारा खोल चर सरकार खणून देणार होते. धाकट्याचे नाव यादीत नव्हते.

थोरल्याचे धाबे दणाणले. खालच्या शेताची खरी माती घेऊन तो कचेरीत गेला आणि घडले ते सांगितले. तपासनीसाने चिमूटभर माती पेल्यातल्या पाण्यात टाकली. बराच वेळ झाला तरी गढूळपणा तळाशी बसेना; क्षारांनी बिघडलेल्या मातीची ती खूण होती.

“काका, हीच का नाही आणलीत तेव्हा?”

“लाज वाटली, साहेब.”

तपासनीस हसला नाही. चर खणणारी यंत्रे परगण्याबाहेर गेली, पुढची फेरी चार वर्षांनी, असे त्याने हळू आवाजात सांगितले; आणि चार वर्षे ही माती थांबायची नाही, हेही सांगितले. खिडकीत एका कुंडीतले रोप हिरवेगार डोलत होते. चांगल्या नमुन्यांची उरलेली माती त्यातच टाकतो, तुमचीही त्यात आहे, असे शिपायाने चांगल्या मनाने त्याला दाखवले.

धाकटा अंगणात खुरप्याची मूठ बसवीत होता. थोरल्याने त्याच्यापुढे सर्व कबूल केले. धाकट्याने ऐकून घेतले. खुरपे मात्र खाली ठेवले नाही.

“लाजेपायी? दादा, ओढा तुझ्या शेतापलीकडच्या उतारावर. तिकडे जायचं तर चर तुझ्या शेतातूनच गेला असता. मधोमध. तेवढं कबूल कर, मी रागावणार नाही.”

चर कोठून जाईल, हा विचार थोरल्याच्या मनाला तोपर्यंत शिवलाही नव्हता. परंतु आता तो इतका पटण्याजोगा दिसू लागला, की साध्या नकाराने भागेना. तो शपथ घेऊ लागला, तर धाकट्याने हात वर करून थांबवले. गावानेही हाच अर्थ लावला. म्हातारा दिसतो भोळा, पण आपल्या शेतात चर येऊ नये म्हणून भावाच्या मातीलाच बांध घालतो, असे लोक पारावर हसून म्हणत.

दुसऱ्या दिवसापासून थोरला स्वतःच्या शेतातून चर खणू लागला. पुरुषभर खोल जायचे होते. आठवड्याभरात बारा हात झाला. मग एका सरीने दोन्ही कडा ढासळल्या आणि काळीभोर माती खड्ड्यात जाऊन बसली. त्याने पुन्हा उपसली. ती पुन्हा बसली.

पेरणीच्या तोंडावर धाकट्याने शहरात पहारेकऱ्याची नोकरी धरली. निघताना तान्हे मूल बायकोच्या खांद्यावर झोपले होते. थोरला वेशीपर्यंत गाठोडे घेऊन गेला. गाडी आली तेव्हा धाकट्याने ते त्याच्या हातून काढून घेतले.

“आता दोन्ही शेतं तुझीच, दादा. पुढच्या वेळी हवी ती माती पाठव.”

गाडी दिसेनाशी झाल्यावर थोरला परत फिरला. खालच्या शेतात पांढरा थर आता झाडाच्या बुंध्यापर्यंत पोहोचला होता. ज्या ठिकाणाहून त्याने पिशवी भरली होती, तो खड्डाही पांढरा पडला होता.